मास्क नवा, तरी छाती भरते : घरी गाडी रंगवताना श्वासाची हवा कुठून घ्यायची?

जुनी बुलेट, येझदी, पद्मिनी किंवा जीप घरच्या शेडमध्ये उभी करून स्वतः रंगवणाऱ्यांकडून दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली : "दोन कार्ट्रिजचा (वाफ गाळणाऱ्या डब्यांचा) चांगला मास्क घेतला, रंग मारताना थिनरचा वास अजिबात येत नाही, पण रात्री खोकल्याची उबळ येते आणि छाती आवळल्यासारखी होते." दुसरी : "म्हणून हवेचा हूड (डोकं झाकणारा, नळीतून हवा सोडलेला टोप) घेतला, घरच्याच कॉम्प्रेसरला जोडला, तर थोड्याच वेळात डोकं ठणकायला लागलं." यावर उपाय म्हणून बहुतेक जण मास्क बदलतात, आणखी महागडा घेतात, आणि पुढच्या गाडीला तीच तक्रार पुन्हा उभी राहते. तोंडावर काय चढवलंय हा नंतरचा प्रश्न आहे. त्यात शिरणारी हवा कुठून उचलली जाते, हे आधी ठरवावं लागतं. खालची प्रत्येक तक्रार मी त्याच वाटेनं सोडवणार आहे : तोंडापासून सुरू करून पाइप धरत धरत मागे, हवा जिथे आत शिरते त्या टोकापर्यंत.

आधी डबा वाचा

हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा टू-के क्लिअर, म्हणजे दोन भाग मिसळून वरून मारायचा पारदर्शक थर, असेल, तर त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट आहे असं धरूनच चाला. (इपॉक्सी प्रायमरचा हार्डनर वेगळ्या जातीचा असतो. तोही निरुपद्रवी नाही, पण तो विषय निराळा.) डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट' किंवा नुसतं 'एचडीआय' असं छापलेलं सापडतं. भोपाळमध्ये १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट याच घराण्यातला. तो झपाट्यानं उडणारा होता. आपल्या हार्डनरमधला पदार्थ जड आहे, डबा उघडल्याबरोबर हवेत पसरणारा नाही, म्हणून दोन्ही एकच समजून घाबरून जायचं कारण नाही. पण गनमधून तो फवारला की त्याचे अतिबारीक थेंब तरंगत राहतात, डोळ्यांना दिसेनासे होतात आणि श्वासाबरोबर खोल जातात.

अमेरिकेच्या नायॉश या संस्थेनं एचडीआयसाठी कामाच्या दिवसभराच्या सरासरीची जी मर्यादा सुचवली आहे, ती ०.००५ पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) आहे. म्हणजे हवेच्या २० कोटी भागांत १ भाग. एवढ्या थोड्या प्रमाणाची नाकाला दादही नसते. वास येऊ लागेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते. कार्ट्रिजच्या मास्कची खरी अडचण इथे आहे. कार्ट्रिज काहीच अडवत नाही असं नाही. पुढे कणांचा फिल्टर असेल तर तो थेंब चांगले पकडतो. पण कार्ट्रिज संपली, कडेनं फट पडली किंवा दाढीमुळे रबर नीट बसलं नाही, तर ते तुम्हाला कळायचं कसं? थिनरचा वास निदान ओरडून सांगतो, आयसोसायनेट काहीच सांगत नाही. म्हणून ब्रिटनची एचएसई ही सुरक्षासंस्था आयसोसायनेटचा रंग फवारताना बाहेरून हवा पुरवणाऱ्या साधनाचाच आग्रह धरते.

आणि त्रास होतो तो निव्वळ घसा खवखवण्याचा नाही. शरीर एकदा या पदार्थाला चिडलं की कायमचा दमा मागे लागू शकतो. त्यानंतर अगदी लेशमात्र फवारासुद्धा झटका आणायला पुरतो. वाहनं रंगवणारे कारागीर हा या दम्याचा जगभर माहीत असलेला बळी आहे.

तुम्ही ड्यूको, म्हणजे एनसी लॅकर, मारत असाल किंवा हार्डनर न लागणारा बेसकोट मारत असाल, तर गोष्ट बदलते. तिथे त्रास मुख्यतः थिनरच्या वाफेचा आणि रंगाच्या धुळीचा. ऑर्गॅनिक व्हेपरची, म्हणजे थिनरसारख्या वाफा शोषणारी, ताजी कार्ट्रिज, तिच्यापुढे कणांचा फिल्टर, गुळगुळीत दाढी आणि वाहती हवा, एवढ्यावर काम भागतं. जुन्या गाडीला मूळ रूप द्यायचं असेल तर ड्यूकोच अनेकदा जास्त शोभतोही. पुरवठ्याच्या हवेचा खर्च नको असेल, तर रंगच बदलणं हा प्रामाणिक पर्याय आहे. मात्र ड्यूकोवर शेवटी 'फक्त एक हात' टू-के क्लिअरचा मारणार असाल, तर तो एक हातसुद्धा पूर्ण टू-के कामच धरा.

तक्रार : डोकं ठणकतं, जड होतं, मळमळतं

कॉम्प्रेसरवर चालणारा हूड घातल्यावर असं झालं तर गन खाली ठेवा आणि आधी शेडबाहेर मोकळ्यावर या, मगच हूड काढा. पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा घ्यायचा. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं.

तो दोन वाटांनी येतो. एक, कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथे जनरेटर, सुरू मोटरसायकल किंवा फाटकाशी चालू ठेवलेली गाडी असते. वीज गेली म्हणून डिझेल जनरेटर लावला आणि त्याच्याच शेजारी कॉम्प्रेसर ठेवला, हा प्रकार आपल्याकडे अगदी सहज घडतो. दुसरी वाट कॉम्प्रेसरच्या पोटातली. पट्ट्यावर चालणारा साधा पिस्टन कॉम्प्रेसर अधूनमधून विसावा घेत चालण्यासाठी बनवलेला असतो. हूड मात्र सतत हवा मागतो. मग हेड तापतं, रिंगा झिजलेल्या असतील तर तेल वर चढतं, आणि ते तेल करपून तिथेच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. इनटेकचा फिल्टर धुळीनं चोंदला असेल तर तापणं आणखी वाढतं.

यावर दुकानदार कोळशाचा फिल्टर देतो. तेलाचा वास जातो, ग्राहकाला बरं वाटतं. पण सक्रिय कोळसा तेलाची वाफ आणि वास शोषतो, कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार जातो. म्हणजे धोक्याची जी थोडीफार खूण नाकाला मिळत होती, तीच आपण पुसून टाकतो. कार्बन मोनॉक्साइड काढायला होपकॅलाइट नावाचा वेगळा उत्प्रेरक लागतो. तो मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडचा असतो आणि मोनॉक्साइडचं डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो. ओलावा लागला की मात्र तो निकामी होतो. म्हणजे त्याच्या आधी हवा अगदी कोरडी करणारी यंत्रणा हवी. कोकणात जुलै महिन्यात टाकीच्या तळाचा नळ सोडून पाहा, किती पाणी निघतं ते. मग हे प्रकरण घरगुती आवाक्यातलं आहे का, ते तुम्हीच ठरवा.

श्वासासाठीच्या हवेचे आकडे नियमांत स्पष्ट आहेत. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेला ग्रेड डी दर्जाची हवा लागते : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड जास्तीत जास्त १० पीपीएम, कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएम, तेलाचा अंश घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम, आणि जाणवण्यासारखा वास नाही. युरोपचं ईएन १२०२१ हे मानक त्याहून कडक आहे, त्यात कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएमपर्यंतच चालतो. तेलाचं वंगण लागणाऱ्या कॉम्प्रेसरला ओशा तापमानाचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, किंवा दोन्ही लावायला सांगते. नुसता तापमानाचा लावला तर हवा वेळोवेळी तपासावी लागते.

इथे एक फसवी बचत होते. घराच्या भिंतीवर लावायचा स्वस्त सीओ (कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म आणून लोक तो पाइपच्या तोंडाशी धरतात. हे अलार्म झोपलेल्या कुटुंबाला वाचवण्यासाठी बनवलेले असतात. युरोपीय मानकाचा असा अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासानं वाजतो आणि ३० पीपीएमला दोन तास गप्प बसतो. तुमची मर्यादा १० आहे. पडद्यावर कमी आकडेसुद्धा दाखवणारं आणि १० ला अलार्म लावता येणारं मीटरच घ्यायला हवं, आणि त्याला हवा हूडकडे जाणाऱ्या पाइपमधून मिळायला हवी. शेडच्या भिंतीवर टांगून उपयोग नाही, तिथे रंगाच्या वाफेनं सेन्सर फसूही शकतो.

हे सगळं पाहता माझं मत ठाम आहे : हवा भरायला घेतलेला, तेलाचं वंगण लागणारा घरचा पिस्टन कॉम्प्रेसर श्वासासाठी वापरू नका. व्यावसायिक बूथमध्ये तशी हवा वापरतात, पण तिथे ड्रायर, फिल्टरांची साखळी, अलार्म आणि हवेची तपासणी असते. त्यातली एकच कडी आणून घरी लावली, तर ती साखळी होत नाही.

तक्रार : गनचा ट्रिगर दाबला की हूडमधली हवा मंदावते

हा निव्वळ हिशोबाचा प्रश्न आहे. पिस्टन कॉम्प्रेसरकडून एका एचपीमागे साधारण ३ ते ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खरोखर मिळते. पाटीवर लिहिलेला 'डिस्प्लेसमेंट'चा आकडा मोठा असतो, तो सोडून द्या. म्हणजे घरच्या २ एचपीकडून ६ ते ८. एचव्हीएलपी (कमी दाबावर भरपूर हवा वापरणारी) गन एकटी १० सीएफएमच्या वर मागते. सैल हूडला नायॉशच्या निकषानं किमान १७० लिटर दर मिनिटाला, म्हणजे ६ सीएफएम द्यावे लागतात. घट्ट बसणाऱ्या मास्कला किमान ११५ लिटर, म्हणजे ४. एवढं कशाला, असं वाटेल. बसल्या जागी माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर श्वास घेतो, हे खरं. पण वाकून, हात उंचावून काम करताना ते कितीतरी पट वाढतं, आणि एका दीर्घ श्वासाच्या ऐन भरात ओढ त्याहूनही मोठी असते. त्या क्षणी पुरवठा कमी पडला की हूडमधला दाब उतरतो आणि झालरीखालून बाहेरची फवाऱ्याची हवा आत ओढली जाते. 'थोडी कमी पडते, पण चालतं' असं इथे नसतं. कमी पडते त्या प्रत्येक श्वासाला तुम्ही रंग ओढत असता.

टाकी मोठी घेऊन हा प्रश्न सुटत नाही, थोडा पुढे ढकलला जातो. गन आणि श्वास यांचे स्रोत वेगळेच हवेत.

मग घ्यायचं काय

घरच्या कामासाठी सरळ उत्तर म्हणजे स्वतंत्र तेलविरहित हवेचा पंप. याला ॲम्बिअंट एअर पंप म्हणतात. आत कार्बनची पाती फिरतात, तेल नसतंच. तो कमी दाबावर भरपूर हवा पाइपमधून हूडमध्ये ढकलतो. तेल नाही म्हणून करपणं नाही. पण लक्षात ठेवा, हा पंप हवा शुद्ध करत नाही. तो जिथे ठेवला असेल तिथली हवा तुमच्या नाकाशी आणून देतो, चांगली असो वा वाईट. त्याच्या तोंडाशी असलेला फिल्टर धूळ अडवतो, धूर किंवा थिनरची वाफ अडवत नाही.

म्हणून जागा ही निम्मी निवड आहे. शेडमधली हवा ज्या बाजूनं बाहेर फेकली जाते त्याच्या उलट बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला पंप ठेवा. थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असतात आणि जमिनीलगत सरकतात, तेव्हा पंप स्टुलावर किंवा ओट्यावर असू द्या. आसपास गाडी, जनरेटर, चूल, कचऱ्याची आग, शेजाऱ्याचा बंब यांपैकी काही नको. वारा दुपारनंतर फिरतो, विशेषतः किनारपट्टीला. सकाळी बरोबर वाटलेली जागा संध्याकाळी चुकीची ठरते. एक्झॉस्टच्या तोंडाशी एक चिंधी बांधून ठेवा, ती कुठे उडते ते काम सुरू करण्याआधी पाहा. आणि ती हवा कोणाच्या खिडकीत जाते तेही पाहा. तुम्ही हूडमध्ये असता, शेजारची आजी नसते. वस्ती दाट असेल तर टू-के घरी मारू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

काही जण पंप चोरीला जाईल किंवा भिजेल म्हणून शेडच्या आत ठेवतात आणि ओढायचा पाइप खिडकीतून बाहेर काढतात. 'हूडमध्ये थिनरचा वास येतो' या तक्रारीत हे कारण हमखास तपासावं. पंपाच्या पुढच्या बाजूला पाइपला दाब असतो, तिथे भोक पडलं तर हवा बाहेर जाते, आत काही येत नाही. मागच्या, ओढण्याच्या बाजूला मात्र उलट असतं. तिथला एक सैल क्लॅम्प किंवा बारीक चीर शेडमधली हवा ओढून थेट तुमच्या नाकात सोडते. पंप पूर्णपणे बाहेर ठेवला की ही शक्यताच संपते. त्याच्यावर पत्र्याचा आडोसा करा, पण चारी बाजूंनी बंद पेटी करू नका.

दुसरा पर्याय म्हणजे दवाखान्यात असतो तसला तेलविरहित कॉम्प्रेसर फक्त श्वासासाठी राखून ठेवणं. चालू शकतो, पण तो किती वेळ सलग चालायला बनवला आहे आणि कमी दाबावर खरोखर ६ सीएफएम देतो का, हे आधी पाहा. टाकीतला गंज आणि पाणी अडवणारा फिल्टर लागेलच. शिवाय हूड त्या दाबासाठीच बनवलेला हवा. पंपाचा हूड कमी दाबाचा असतो, कॉम्प्रेसरचा जास्त दाबाचा. एकाचा दुसऱ्याला जोडू नका. हूड, पाइप आणि हवेचा व्हॉल्व्ह हा एकत्र तपासलेला संच असतो. त्यातला पाइप बदलून बागेचा किंवा गॅसचा पाइप लावला, तर हवेचं प्रमाण बदलतं आणि प्लास्टिकचा वास दिवसभर फुप्फुसात जातो. श्वासाच्या पाइपची जोडणी गनच्या पाइपच्या जोडणीत बसणारच नाही अशी ठेवा. घाईत चुकीचा पाइप खोचला जाणं मग शक्यच होत नाही.

विकत घेताना नाकारायच्या गोष्टी

ऑनलाइन दुकानांत 'एअर सप्लाय मास्क' म्हणून कमरेला बांधायचा छोटा पंखा, पॉवर बँक आणि लांब नळी असे संच दिसतात. आकडे छापलेले असतात, प्रमाणपत्राचा पत्ता नसतो. नुसत्या वर्णनावर विश्वास ठेवू नका, हवा मोजा. २०० लिटरचा ड्रम घ्या. आत प्लास्टिकची मोठी, पातळ पिशवी हवा पूर्ण काढून सोडा, तिच्या तोंडाशी पाइपचं टोक घट्ट बांधा आणि पंप सुरू करा. पिशवी फुगून ड्रम भरायला सुमारे ७० सेकंद लागले तर मिनिटाला १७० लिटर मिळतात, हूडला पुरेसे. १०४ सेकंद लागले तर ११५, म्हणजे जेमतेम घट्ट मास्कापुरते. मोजणी पूर्ण लांबीचा पाइप लावूनच करा, कारण पाइप जितका लांब तितकी हवा घटते. जुना पंप विकत घेताना हीच चाचणी मालकासमोर करा. पाती झिजलेली असतील तर लगेच उघडं पडतं.

बॅटरीवरचा पीएपीआर, म्हणजे पंख्यानं फिल्टरमधून हवा ओढणारा हूड, हे चांगलं साधन आहे, पण ते पुरवठ्याची हवा देत नाही. तो शेडमधलीच हवा गाळून देतो, आणि फिल्टर कधी संपला हे तिथेही नाकाला कळत नाही.

२०२१ मध्ये अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले आणि आता ते माळ्यावर पडून आहेत. 'तोच हूडला जोडू का?' हा प्रश्न खरोखर विचारला जातो. उत्तर नाही. घरगुती यंत्र मिनिटाला ५ किंवा १० लिटर देतं, तुम्हाला १७० हवेत. त्याहून वाईट म्हणजे थिनरच्या वाफांमध्ये जास्तीचा ऑक्सिजन सोडणं हे आगीला आमंत्रण आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरलाही हेच लागू. व्हॅक्यूम क्लीनरचं उलटं तोंड, मत्स्यालयाचा पंप, गादीत हवा भरायचा पंप यांचाही विचार सोडून द्या.

हूड की घट्ट मास्क

दाढी असेल तर प्रश्न संपला, हूडच. दोन दिवसांची खुंटसुद्धा रबराखाली फट ठेवते. चष्म्याची काडीही पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची कड उचलते, त्यासाठी आत बसवायची वेगळी चौकट मिळते. दोन्ही अडचणी नसतील तर सतत हवा येणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क जास्त भक्कम संरक्षण देतो. ओशा त्याला संरक्षणाचे (आतली हवा बाहेरच्याहून किती पट स्वच्छ राहते त्याचे) १००० गुण देते, आणि वेगळ्या चाचणीचा पुरावा नसलेल्या सैल हूडला २५. सतत हवा येणाऱ्या अर्ध्या मास्कला ५० मिळतात, पण डोळे उघडे राहतात, म्हणून टू-केसाठी मी तो सुचवणार नाही.

तक्रार : आत गरम होतं, काच धुकटते, पाणी येतं

पंप चालतो तशी हवा तापते, आणि मे महिन्यात विदर्भात बाहेरच ४५ अंश असतात. पंप सावलीत ठेवा, पाइप तापलेल्या पत्र्यावरून किंवा कोब्यावरून नेऊ नका, काम पहाटे उरका. पाइपचं वेटोळं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवण्याची युक्ती कोरड्या हवेत छान चालते. दमट हवेत मात्र आत दव धरतं आणि थेंब हूडमध्ये येतात, तेव्हा पावसाळ्यात ती नकोच. व्हॉर्टेक्स ट्यूब हवा थंड करते, पण ती जास्त दाबावर चालते आणि भरपूर हवा खाते. पंपावर ती चालणारच नाही.

काच धुकटत असेल तर बहुतेक वेळा हवा कमी पडत असते, आधी ड्रमची चाचणी करा. रंगाचे थेंब बसू नयेत म्हणून काचेवर सोलून काढायची फिल्म लावा. काच थिनरनं पुसू नका, ती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते आणि तिला जाळीदार तडे जातात.

तक्रार : सगळं बरोबर आहे, तरी रात्री खोकला

इथे थोडा वेळ घालवावा असं मला वाटतं, कारण साधन उत्तम असलेले लोक इथे फसतात. तुम्ही हूड कधी काढता? शेवटचा हात मारला, गन टांगली, रंग कसा बसला ते नीट पाहायला काच वर केली. नेमकं तेव्हाच शेडमध्ये न दिसणारे थेंब भरलेले असतात. एचएसई कानीकपाळी ओरडून हेच सांगते : फवाऱ्यानंतर शेड पूर्ण मोकळी होईपर्यंत काच वर करायची नाही. डोळ्यांना हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असते असं नाही.

शेड मोकळी व्हायला किती वेळ लागतो, हे मोजता येतं. लग्नाच्या किंवा मिरवणुकीच्या डीजेवाल्याकडे धुराचं मशीन असतं. शेड रिकामी असताना, थिनरचा एकही डबा उघडलेला नसताना, शेड धुरानं भरा, एक्झॉस्ट सुरू करा आणि धूर पूर्ण नाहीसा होईपर्यंत घड्याळ लावा. कोपऱ्यांत, गाडीच्या जागेखाली, छपराच्या वाशांजवळ बॅटरीचा झोत टाकून पाहा. तिथे तो सगळ्यात जास्त रेंगाळतो. जो वेळ येईल तो भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक फवाऱ्यानंतर तेवढा वेळ हूड डोक्यावर आणि हवा सुरू. एक्झॉस्टचा पंखा मात्र मोटर हवेच्या झोताबाहेर असलेलाच घ्या, ठिणगी आणि थिनर एकत्र नकोत.

दुसरी गळती आधी आणि नंतरची. हार्डनर मिसळताना, कप भरताना, गन धुताना लोक उघड्या नाकानं आणि उघड्या हातांनी काम करतात. गन धुताना एकदा जरी फवारा मारला, तरी तो फवाराच आहे. आयसोसायनेट कातडीतूनही शरीराला चिडवू शकतं, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे, मनगटापर्यंत बंद बाह्या आणि मान झाकणारा कव्हरऑल हवाच. फवाऱ्यात वापरलेले कपडे घरातल्या कपड्यांत टाकू नका. आणि फवारा चालू असताना हातात डबा द्यायला कोणी आत येत असेल, तर त्याला एक तर दुसरा हूड हवा किंवा त्यानं बाहेरच थांबायला हवं. मुलं तर नाहीतच.

वीज गेली तर

पंप बंद झाला की हूडमधली हवा काही क्षणांत संपते. घाबरून जागीच हूड काढायचा नाही. श्वास रोखून दाराकडे चालायचं आणि बाहेर पडल्यावर काढायचा. म्हणून दाराची वाट मोकळी असली पाहिजे, पाइपचा गुंता दाराच्या आड येता कामा नये, आणि हे एकदा रंग न मारता करून पाहिलं पाहिजे. पंपाला वेगळं, कोणी चुकून बंद करणार नाही असं बटण द्या. बाहेर एक जाणता माणूस असू द्या. तो पंपाच्या जागेवरही लक्ष ठेवेल, कोणी शेजारी येऊन स्कूटर सुरू केली तर तिथल्या तिथे थांबवेल.

ज्यांना त्रास सुरू झालेला आहे

कामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला, शिट्टीसारखा श्वास, छातीत आवळणं, आणि काम नसलेल्या आठवड्यात आराम, अशी सांगड दिसत असेल तर नवा हूड घेऊन पुढची गाडी सुरू करू नका. आयसोसायनेटचा झटका कित्येकदा फवाऱ्यानंतर काही तासांनी येतो. म्हणून लोक त्याचा संबंध हवाबदलाशी, धुळीशी किंवा रात्री खाल्लेल्या दह्याशी जोडतात. छातीच्या डॉक्टरांकडे जा, जाताना हार्डनरचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो न्या आणि 'आयसोसायनेट' हा शब्द स्वतःहून सांगा. स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी) करून घ्या, कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतला फरक तारखांसह लिहून न्या. निदान पक्कं झालं तर टू-के कायमचं सोडायचं. एकदा चिडलेल्या शरीराला कुठलाही हूड पुरेसा धरता येत नाही. ठोकाठोकी, पुट्टी, जुळवाजुळव घरी करा आणि क्लिअरच्या कामासाठी गाडी बूथ असलेल्या रंगाऱ्याकडे न्या. गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हाही फवारा चालू असेल तर बूथपासून लांब थांबा. घासताना उडणारी, पुरत्या न वाळलेल्या रंगाची भुकटीसुद्धा टाळा.